करंगळीची चिंधी

गेली ना लाईट? मग ब्रश पाण्यात टाका आन् बसा गपगुमान. अंधारात डोळे आखायला जाल तर देव तिरळा व्हायचा, आन् शेठ माझ्या नावानं शंख करायचा. प्रविण, ती मेणबत्ती मूर्तीपासून लांब ठेव रे. रंग ओला हाय.

काय म्हणतोस साहिल? गोष्ट? भुताची? परवा तर दात काढून हसत होतास, दाजींची भुतं म्हणजे निव्वळ थापा म्हणून. बरं बाबा. आज सांगतो, आन् झाल्यावर तू एकटा मागच्या दारी जाऊन माठातलं पाणी आण. तेव्हा बघू कोण हसतो ते.

ही कुठं ऐकलेली नाय. माझ्या भिंतीला भिंत लागून जे घर हाय, त्यातली हाय. कमळाकर माहीत हाय ना, शाळेतला क्लार्क? चष्मा, छत्री, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची गोष्ट. त्यानंच मला सांगितली, एकदाच. परत कधी विषय काढला नाय, आन् मी पण काढून दिला नाय. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं हाय.

त्याची आई सीताबाई. तुम्ही पोरांनी बघितली असेल, ओटीवर खाटेवर बसलेली असायची. ती मूळची धरमतरच्या खाडीवरची, मिठागरवाल्यांची पोर. सात-आठ वर्षांची होती तेव्हा गावात पटकी आली. आई गेली, चार दिवसांनी बाप गेला. उरली ही, आन् हिचा धाकटा भाऊ भिकू. चारेक वर्षांचा असेल. घास द्यायला कोण तयार नाय, शिवायला तर त्याहून नाय. शेवटी कुणीतरी दोघांना बैलगाडीत घातलं आन् रोह्याच्या बालकाश्रमात नेऊन सोडलं.

तिथं पोरं एका लांबड्या खोलीत ओळीनं जमिनीवर झोपायची. रात्री बाई कंदील घेऊन यायची, वहीतनं एकेकाचं नाव घ्यायची. पोरानं म्हणायचं, 'हाय.' सगळ्यांचं 'हाय' झालं की बाई कंदील मालवायची. हे सीताबाईनं मला स्वतः सांगितलंय. आन् कंदील गेला की ही बया काय करायची? उशाखालची चिंधी काढायची. एक टोक आपल्या करंगळीला, दुसरं भिकूच्या करंगळीला. गाठ बापानं शिकवलेली, मिठाच्या गोणीचं तोंड बांधतात ती. ओढाल तेवढी आवळते, पण सुटत नाय. म्हणायची, "माझ्या भिकूला कुनी उचलला तर मला जाग येल."

एका रात्री भिकूला ताप चढला. करंगळी दुखते म्हणून रडायला लागला. हिला दया आली. म्हणाली, आजच्या दिवस राहू दे. चिंधी बांधली नाय.

सकाळी उठली तर शेजारी नुसती गोधडी.

बाई म्हणाली, तुझ्या भावाला मुंबईची चांगली माणसं घेऊन गेली, आता तो राजासारखा राहील. झालं. पोरीनं ते खरं धरलं. पुढं आश्रमानंच हिचं लग्न लावून दिलं, आपल्या पेणच्या शाळेतल्या शिपायाशी. संसार झाला, कमळाकर झाला, नवरा गेला. पण जीव त्या चिंधीत अडकलेला. मला कितीदा म्हणायची, "दाजी, त्या राती बांधली असती तर?" 

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथं हाय. सर्वपित्री अमावास्येला आपण गेलेल्यांच्या नावानं पान वाढतो का नाय? सीताबाई आईचं वाढायची, बापाचं वाढायची, नवऱ्याचं वाढायची. भावाचं? अजिबात नाय. आळीतल्या बायका सांगून दमल्या, अगो, साठ वर्षं झाली, वाढ एक पान, बिघडतंय काय? तर अंगावर धावून जायची. "जित्या मानसाचं पान वाढतात काय गो? माझ्या भिकूचं वाईट चितता?" जित्याचं पान वाढलं तर त्याचं आयुष्य तुटतं, अशी आमची समजूत. म्हणून साठ वर्षं त्या पोराच्या नावानं शीत पडलं नाय.

मग पंच्याण्णव साली तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू पार लुळी. हात असा, लाकडाच्या फळीसारखा. बोलायची मात्र खणखणीत. लेकाला एकच धोशा लावला, "मी डोळं मिटायच्या आत मला भिकूचा ठाव सांग. कुठं हाय, कसा हाय, पोरंबाळं हायत काय त्याला. मग मी सुकानं जाईन." कमळाकर म्हणजे आईवेडा. तो रात्र रात्र झोपायचा नाय.

आन् देवाची करणी बघा. दुसऱ्याच वर्षी रोह्याच्या त्या आश्रमाला पंच्याहत्तर वर्षं व्हायची म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. आश्रमाचा इतिहास कोण लिहील? जुन्या वह्या कोण वाचील? कमळाकर धावतच गेला. फुकट. दर रविवारी सकाळच्या गाडीनं रोह्याला, संध्याकाळच्या गाडीनं पेणला. आश्रमाची नवीन इमारत झालेली, पोरं तिकडं. वह्या मात्र जुन्या इमारतीत, कुंडलिकेच्या काठाला, तीच ती लांबडी खोली. लाईट कधीच तोडलेली. एका वहीत विहीर खणल्याचं, दुसरीत तांदूळ कुणी दिला त्याचं, तिसरीत अर्धं पान वाळवीनं खाल्लेलं. आपण शाडूचे हात-पाय जोडतो ना धडाला, तसं त्यानं तुकडा तुकडा जोडून सगळं उभं केलं. पण आई ज्या साली तिथं होती त्या सालच्या वह्याच सापडेनात.

सापडल्या त्या एका मंगळवारी. शहाण्णव साल, डिसेंबरची दहा तारीख, कार्तिकातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. मजकूर छापायला द्यायचा म्हणून त्यानं रजा काढली होती. निघताना म्हातारी म्हणाली होती, "आज अवस हाय रं, दिवस हाय तवर ये." हा 'व्हय व्हय' म्हणाला.

दिवस कलला तेव्हा कपाटाच्या मागं, भिंतीच्या फटीत, फडक्यात बांधलेल्या वह्या हाताला लागल्या. राखणदार रघू कंदील देऊन नव्या इमारतीकडं पोरांना जेवायला वाढायला गेला. हा एकटाच बसला. पानं उलटतोय, उलटतोय... आन् आलं नाव. भिकू, वय चार, मिठागर. पुढं शेरा, 'मुंबईस दिला.'

कमळाकर मला म्हणाला, "दाजी, मी लहान पोरासारखा रडलो." रडणारच. आई म्हणाली ते खरं निघालं! आता मुंबईत कुणाला दिला तेवढं कळलं की काम फत्ते. गाडी सुटायची वेळ झाली होती. अरे, उठायचं ना! पण नाय उठला. आनंदाच्या भरात माणसाला घड्याळ दिसत नाय.

त्यानं बाकीची नावं बघितली. मुंबईला दिलेली आणखी होती. आठ-नऊ पोरं. सगळी एकाच आठवड्यात. सगळ्यांच्या पुढं तेच अक्षर, तीच शाई. मुंबईस दिला. मुंबईस दिली. दुसऱ्या साली दिलेल्या पोरांच्या पुढं घेणाऱ्याचं नाव हाय, गाव हाय, अंगठा हाय. ह्यांच्यापुढं काय नाय.

कमळाकराचा आनंद तिथंच गार झाला.

गाडी गेली होती. बाहेर मिट्ट अंधार. धाटावच्या कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकली वाजत गेल्या, मग तेही थांबलं. त्यानं हजेरीची वही ओढली. म्हटलं, ही पोरं शेवटची कधी हजर होती ते तरी बघू. आन् ह्याला शाळेतली सवय. नक्कल करताना ओळ चुकू नये म्हणून नाव मोठ्यानं वाचायचं. आम्ही चेष्टा करायचो त्याची, लगीनपत्रिका पण हा मोठ्यानं वाचतो म्हणून. अमावास्येची रात्र, तीच खोली, हातात कंदील, पुढ्यात हजेरीची वही... आन् हा नावं घ्यायला लागला.

"चिमा."

काय नाय.

"भरत."

काय नाय. पाल चुकचुकली.

"रंभा."

"...हाय."

त्याला वाटलं, रघूची नात आली असेल. मान वर केली. खोली मोकळी. कंदिलाचा उजेड निम्म्या खोलीपर्यंतच पोचत होता. म्हणाला, कोण हाय रे तिकडं? कोण बोललं नाय.

वही मिटायची होती. पण नजर पुढच्या नावावर होती, आन् तोंडानं सवयीनं ते घेतलं.

"बायजा."

"हाय." ह्या खेपेला डाव्या कोपऱ्यातनं. जमिनीलगत. झोपलेलं पोर बोलतं ना... तेवढ्या उंचीवरनं.

साहिल, मेणबत्तीकडं काय बघतोस? इकडं बघ.

कमळाकर म्हणतो, "दाजी, मला थांबायचं होतं. जीभ थांबत नव्हती." नाव घेतलं की 'हाय'. नाव घेतलं की 'हाय'. जी पोरं अंगठा लावून दिलेली, त्यांची नावं आली की खोली गप्प. जी नुसतीच मुंबईला दिलेली... ती सगळी तिथं. ओळीनं. एक भिंतीपाशी. एक दाराशी. एक... त्याच्या पाठीमागं.

शेवटचं नाव राहिलं.

त्यानं ओठ दाबून धरले. नाय घेतलं नाव. शपथेवर सांगतो म्हणाला, नाय घेतलं.

तरी कानापाशी आवाज आला.

"...हाय."

आन् कंदील मालवला. वारा नाय, काय नाय. हजेरी झाली ना... म्हणून मालवला.

अंधार.

मग त्याच्या डाव्या करंगळीला कुणीतरी धरलं. बारका हात. गार... गार म्हणजे खाडीच्या पाण्यात रात्रभर ठेवलेला. आन् अगदी हळू, लाडात आल्यासारखं बोललं.

"चिंधी बांध ना."

आता भ्यालेला माणूस काय बोलेल त्याचा नेम नाय. पण ह्यानं जे केलं ते शत्रूनं पण करू नये. अरे, रात्रीच्या अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडं दूधपितं पोर शिकतं. ह्या शहाण्यानं ओ दिलीच, वर पत्ता दिला! म्हणाला, "ताय... ताय पेणला हाय."

हात सुटला.

कमळाकर उठला तो अंधारात ठेचाळत, उंबऱ्यावर आपटत, चप्पल तिथंच टाकून धावत सुटला. स्टँडवर येऊन बाकावर बसला. साडेअकराच्या सुमाराला मुंबईकडं जाणारी एसटी आली. गाडीत माणसं, दिवे, कुणीतरी घोरतंय. त्याला हायसं वाटलं. खिडकीपाशी बसला आन् रामनाम घ्यायला लागला.

कंडक्टर आला. "कुठं?"

"पेण. एक."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. मग ह्याच्या शेजारी बघितलं. "बारका हाय म्हणून त्याचं घेत नाय. पण सीट अडवू नका, मांडीवर घ्या त्याला."

...

कमळाकरानं शेजारी बघितलं नाय. नागोठणं गेलं, तरी नाय. मान आखडली, तरी नाय. खिडकीच्या काचेत बघायची पण छाती झाली नाय त्याची.

वडखळला गाडी चहाला थांबली. सगळी उतरली. हा बसूनच. कंडक्टर वडापाव खात खिडकीखाली आला आन् ह्याच्यावर डाफरला, "ओ साहेब, माणूस हाय का कोण तुम्ही? मघापासून भूक भूक करतंय पोर. घाला की कायतरी खायला!"

पेणच्या स्टँडपासून घरापर्यंत कमळाकर कसा आला, त्यालाच ठाऊक. अनवाणी. आळीतली कुत्री रोज त्याच्या पायात घोटाळायची. त्या रात्री एक पुढं आलं नाय. सगळी भिंतीला लागून, शेपटी आत घालून. ती गप्प झाली ते मी पण ऐकलं. भुंकण्याचा आवाज थांबला म्हणून मला जाग आली होती.

नम्रतानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. तिला हा एकटाच दिसला. ह्यानं आत येऊन घाईघाईनं कडी लावली. म्हातारी जागी. वाटभर त्यानं ठरवलं होतं, खोटं सांगायचं. आईला सुखानं जाऊ द्यायचं. खाटेपाशी बसला आन् म्हणाला, "आई, सापडलं गो. भिकूमामाला मुंबईला दिला. पुस्तकात लिवलंय. चांगल्या घरात पडला तो."

 पण सीताबाई ह्याच्याकडं बघतच नव्हती. ह्याच्या शेजारी बघत होती. जरा खाली. कमरेच्या उंचीला.

बराच वेळ बघितलं. मग तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, आन् सुनेला म्हणाली, "नम्रता गो... एक पान वाढ."

"आत्ता? कुणाचं, आत्या?"

"वाढ गो. साठ वर्सं उपाशी हाय त्यो."

ऐकलंत? जे पान तिनं उभ्या जन्मात वाढू दिलं नाय, ते स्वतःच्या तोंडानं मागितलं. नम्रता उठली. घरात होती ती तांदळाची भाकरी, थोडा जवळा. केळीच्या पानावर वाढून खाटेखाली ठेवलं. म्हातारी म्हणाली, "आता दार लोटून घ्या. तुमी निजा."

निजतात कसले! दोघं पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. ओटीवरनं म्हातारीचा आवाज येत होता. हळू. एकटीचाच. पण मध्ये मध्ये जागा सोडून बोलत होती. दुसरा बोलतो तेव्हा आपण थांबतो ना... तसं. एकदा हसली पण. मग म्हणाली, "रडू नको. आज बांधते."

मग काय नाय. कायच नाय.

देवदिवाळीची पहाट. दार उघडलं तर सीताबाई गेलेली. पान रिकामं. आता पानाचं मी धरत नाय, मांजरानं खाल्लं असेल. कंडक्टर झोपेत असेल. कंदिलातलं रॉकेल संपलं असेल. कमळाकर भित्रा हाय, त्याला भास झाले असतील. म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी पण म्हटलं.

पण नम्रता माझ्या दारात आली. "दाजी, कातर घेऊन या." बायका आंघोळ घालायला बसल्या होत्या आन् त्यांना ते सुटेना. मी गेलो. म्हातारीच्या डाव्या करंगळीला चिंधी. निळ्या पट्ट्यांचं जाडंभरडं कापड, पिवळं पडलेलं. घरात तसलं कापड नव्हतं. आन् गाठ कसली? मिठाच्या गोणीची. अरे, ती गाठ मारायला दोन हात लागतात! एक टोक ह्या हातात, एक त्या. हिचा उजवा हात सव्वा वर्ष मेलेला. मी घरी येऊन एका हातानं करून बघितली. दहादा बघितली. नाय बसत.

चिंधीच्या दुसऱ्या टोकाला पण तीच गाठ. त्यात बारकंसं वेटोळं. माझी करंगळी सोडा, ह्या प्रविणच्या धाकट्या भावाची पण जाणार नाय त्यात. आत काय नव्हतं. पण आवळलेलं होतं.

मी कातर पुढं केली. कमळाकरानं माझा हात धरला. म्हणाला, "दाजी, नको. एकदा सोडली होती तिनं. आता नको." मग तशीच राहू दिली.

कमळाकरानं इतिहास पुरा केला. त्या आठ-नऊ पोरांची नावं त्यात लिहिली, आन् मुंबई खोडून टाकली. दर सर्वपित्रीला त्याच्या घरी तेवढी पानं जास्त पडतात. लोक हसतात, म्हणतात, शिपायाच्या पोराला एवढे पितर कुठनं आले? मी नाय हसत.

आली, लाईट आली. उठा. पंखा लावा. साहिल, जा की माठातलं पाणी आण. काय रे? जा की!

बरं, नको जाऊ. बस.

एक राहिलं. हे मी कमळाकराला पण सांगितलेलं नाय. म्हातारीला नेताना तो मडकं घेऊन पुढं चालत होता, त्यानं मागं बघायचं नसतं. मी डाव्या बाजूला, खांद्यावर तिरडी. वाटेत म्हातारीचा डावा हात सुतळीतनं निसटून बाहेर आला, माझ्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, निसटला असेल.

पण ती चिंधी रे... वारा नव्हता त्या दिवशी. चिंधी खाली लोंबायला पायजे होती ना?

लोंबत नव्हती. ताठ होती. पुढं, जरा खाली... नदीपर्यंत.